लाल लिली आणि 'अमरिलिस'चा घोळ : पार्श्वभूमी

एप्रिल-मेच्या उन्हात आपल्याकडच्या अंगणात कंदांतून फुलतात त्या मुख्यतः दोघी : फुटबॉल लिली आणि शेंदरी लाल लिली. दोघीही परदेशी. फुटबॉल लिली आफ्रिकेची. जुन्या पुस्तकांत तिचे शास्त्रीय नाव हिमॅन्थस होते, १९७६ नंतर स्कॅडॉक्सस झाले. लाल लिलीच्या नावाचे प्रकरण मात्र बरेच चिघळले.

'अमरिलिस बेलाडोना' हे नाव १७५३ साली छापून आले तेव्हा मूळ ठिकाण म्हणून कॅरिबियन बेटे, बार्बाडोस आणि सुरिनाम यांची नोंद झाली. म्हणजे आपल्या लाल लिलीचे माहेर. पण त्या नावामागचा वाळवलेला नमुना आला होता हॉलंडमधल्या एका बागेतून, आणि तो दक्षिण आफ्रिकेतल्या झाडाचा होता. एका नावाखाली दोन खंडांतली झाडे! १८२१ साली एका इंग्रज अभ्यासकाने अमेरिकेतल्या जाती (आपली लाल लिली त्यांतलीच) वेगळ्या काढून त्यांना हिप्पिॲस्ट्रम म्हटले. १९३८ मध्ये अमेरिकेतून हरकत निघाली की अमरिलिस हे नाव अमेरिकन झाडांचेच. वाद जवळपास पन्नास वर्षे चालला. १९८७ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हॉलंडचा नमुना प्रमाण मानला गेला आणि अमरिलिस दक्षिण आफ्रिकेकडे गेले. उशिरा का होईना, बरोबर ठरले. विक्रेत्यांनी मात्र ते मनावर घेतले नाही. पाकिटांवर आजही अमरिलिसच छापतात.

खात्री करायची असेल तर फुलाचा दांडा आडवा कापावा. आतून पोकळ निघाला तर हिप्पिॲस्ट्रम, भरीव निघाला तर खरी अमरिलिस. बियाही वेगळ्या : पहिलीच्या काळ्या, चपट्या, कागदासारख्या, दुसरीच्या रसाळ, गोल.

हा नुसता पंडितांचा वाद नाही. खरी अमरिलिस हिवाळी पावसाच्या प्रदेशातली. तिला पाने थंडीत येतात आणि उन्हाळ्यात ती झोपते. आपली लिली पावसाळ्यात पाने वाढवते आणि थंडीत विसावते. अमरिलिसच्या नावाने मिळालेला सल्ला पाळून भर उन्हाळ्यात पाणी तोडले, तर ऐन फुलायच्या वेळी ती तहानलेली राहते. पाणी कमी करायचे ते नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि कंदाची मान नेहमी मातीच्या वर ठेवायची.

हिप्पिॲस्ट्रमच्या संकराची सुरुवात १७९९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका घड्याळजीने केली असे मानतात. आजचे टपोरे कंद हॉलंडमधून येतात. त्यांची झोप तिकडेच उरकलेली असते, म्हणून कुंडीत लावताच ते थंडीत फुलतात. पुढच्या वर्षी इथल्या हवेला रुळून मार्च-एप्रिलवर येतात. पहिल्या वर्षीइतके दांडे मात्र क्वचितच मिळतात. त्यासाठी पावसाळ्यात पाने टिकली पाहिजेत. नेमक्या तेव्हाच पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या काळ्या अळ्या येतात आणि पाने खाऊन झाली की मानेतून कंदात शिरतात.