जीपचे ब्रेक: एका सर्किटाकडून दोन सर्किटांकडे

कोल्हापुरातून कोकणात उतरायचे म्हणजे करूळ, फोंडा किंवा आंबा यांपैकी एखादा घाट आलाच. आणि या भागात शेतीच्या कामाला किंवा निव्वळ हौसेखातर ज्या जुन्या जीप अजून वापरात आहेत, त्यांच्या ब्रेकची मूळ मांडणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे.

हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे, ब्रेक त्याहूनही जुने. अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. १९४१ पासून सैन्यासाठी बनलेल्या विलीज जीपला हेच ब्रेक होते आणि महिंद्राने भारतात जुळणी सुरू केली ती याच जीपच्या नागरी आवृत्तीची. तिचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर पिस्टनने ऑइलवर दाब देणारे नळकांडे, ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खालच्या बाजूला असे. चिखल-पाण्याचा पहिला मारा तिथेच, आणि ऑइल पाहायचे तर फळीवरचे झाकण काढावे लागे. साहजिकच ते पाहण्याचा कंटाळा केला जाई. त्यात पिस्टन एकच असल्याने पुढच्या ॲक्सलजवळचा रबरी होज दगडाला घासून फाटला, तरी सगळे ऑइल तिथून निघून जाऊन चारही चाकांचे ब्रेक एकदम जात.

यावर तोडगा म्हणून एकाच नळकांड्यात एकामागे एक दोन पिस्टन बसवलेला टँडम मास्टर सिलिंडर १९६०च्या दशकात रुळला. अमेरिकेने १ जानेवारी १९६८ पासून प्रवासी मोटारींना दुभागलेली ब्रेक यंत्रणा सक्तीची केली. जीपमध्ये सहसा पुढची चाके एका सर्किटावर, म्हणजे ऑइलच्या एका स्वतंत्र मार्गावर, आणि मागची दुसऱ्यावर असतात. एक सर्किट गेले, की त्याचा पिस्टन रिकामाच पुढे सरकून टेकतो आणि मगच दुसऱ्यात दाब तयार होतो. म्हणून पेडल बरेच खाली जाते. ड्रमचे लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे अस्तर) आधीच ढिले असतील, तर ब्रेक लागण्यापूर्वीच ते फळीला टेकते. जुन्या जीपला टँडम बसवून घेणारे नेमके हेच ॲडजस्टमेंट विसरतात. शिवाय उतारावर वजन पुढे झुकत असल्याने पुढचे सर्किट गेल्यास उरलेल्या हलक्या मागच्या चाकांचा आधार तोकडा पडतो.

घाटातल्या उष्णतेवर मात्र दोन सर्किटे हा इलाज नव्हे. डॉट ३ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. गगनबावड्याच्या पावसाळी हवेत वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल लांब उतारावर उकळले, तर दोन्ही सर्किटांत एकाच वेळी वाफ धरते आणि पेडल पोकळ लागते. तिथे खालचा गिअरच कामाला येतो.

खरे तर मूळ जीपलाही दुसरा ब्रेक होताच. तिचा हँडब्रेक चाकांवर नव्हे, तर ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागच्या ड्रमवर चाले आणि त्याला ऑइल लागत नसे. फोर-व्हील टाकलेले असेल तर तो पुढचा ॲक्सलही धरतो. मात्र तिथून मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा, म्हणजे मागचा प्रोपेलर शाफ्ट, तुटला, तर मागची चाके त्याच्या हाती राहत नाहीत.