लघुलहरी अँटेना (घरगुती)

लघुलहरींवरचे, म्हणजे शॉर्टवेव्हवरचे, दूरदेशीचे प्रक्षेपण ऐकण्यासाठी रेडिओला जोडायची तार किंवा तारेचे वेटोळे. ३ ते ३० मेगाहर्ट्‌झच्या या लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतत हजारो किलोमीटर जातात. त्यामुळे साध्या तारेवरही परक्या खंडातले स्टेशन लागते.

सर्वांत सोपी ती लांब तार. १० ते २० मीटर तांब्याची तार दोन्ही टोकांना इन्सुलेटर लावून जमेल तितकी उंच ताणतात आणि तिचे टोक चिमट्याने रेडिओच्या दांडीला अडकवतात. छोटा रेडिओ मात्र एवढ्याने कधीकधी गुदमरतो : जोरदार स्टेशने भलत्याच ठिकाणी ऐकू येऊ लागतात. अशा वेळी चिमटा उघड्या तांब्याऐवजी तारेच्या प्लॅस्टिक आवरणावरच लावून पाहावा. संकेत सौम्य होतो आणि गोंधळ बहुधा निवळतो.

तारेच्या लांबीपेक्षा तिची जागा महत्त्वाची, हे नवख्यांना पटायला वेळ लागतो. या पट्ट्यात कमकुवत संकेतापेक्षा बाहेरून येणारी खरखर जास्त छळते, आणि आज ती बहुतेक घरातलीच असते : मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, संगणक. रेडिओ बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद करावा. खरखर थांबली, तर एकेक उपकरण सुरू करत गेल्यावर चोर सापडतो. तो हटवता येत नसेल, तर तार भिंतींपासून दूर नेऊन कोॲक्सियल केबलने (आतल्या तारेभोवती धातूच्या जाळीचे आवरण असलेल्या केबलने) संकेत आत आणावा. तारेचा अवरोध काहीशे ओहम, केबलचा साधारण ५०. म्हणून दोहोंचा मेळ घालायला सांध्यावर अवरोध नऊपटीने उतरवणारा ९:१ ट्रान्सफॉर्मर बसवतात. त्याचे अर्थिंग जमिनीत वेगळी सळई ठोकून करावे. घराच्या वायरिंगचे अर्थिंग वापरले, तर तीच खरखर पुन्हा आत येते.

एकाच पट्ट्यावर भर असेल तर द्विध्रुव, म्हणजे डायपोल (मधोमध केबल जोडलेल्या दोन सारख्या तारा), उत्तम. १४३ ला मेगाहर्ट्‌झने भागले की त्याची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते, ९.५ मेगाहर्ट्‌झसाठी सुमारे १५ मीटर. गच्ची-अंगण नसलेल्यांनी मीटरभर व्यासाचे वेटोळे खिडकीशी ठेवावे. ते हळूहळू फिरवले की एका कोनात जवळची खरखर एकदम खाली बसते आणि तिच्याखाली दबलेला निवेदकाचा आवाज वर येतो.

विजेच्या तारांच्या वर, खाली किंवा जवळपास अँटेना कधीही ताणू नये. गडगडाट सुरू होण्याआधीच तिची जोडणी घराबाहेरच सोडवून ठेवावी; नुसता रेडिओ बंद करून भागत नाही.