बहिणीची सही कशासाठी लागते?

कोल्हापुरात दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावर हे दृश्य अधूनमधून दिसतंच. एसटीनं माहेरी आलेली, ठेवणीतली साडी नेसलेली बहीण, शेजारी दोघे भाऊ, दोन साक्षीदार आणि दस्तलेखकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला सातबारा. "आक्का, हितं सही कर. आणि हितं अंगठा." कॅमेऱ्यात फोटो निघतो, हक्कसोडपत्राची, म्हणजे माहेरच्या जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदाची, नोंदणी होते, मग भाऊ बहिणीला जेवायला नेतात. गावाकडं या सगळ्याला ‘बहिणीची सही’ एवढंच म्हणतात, जणू ओटी भरण्यासारखाच तोही एक रिवाज.

पण रिवाज म्हणावा तर तो जुना नाही. पणजीच्या काळात ही सही कुणी मागत नव्हतं, कारण सोडायला तिच्याकडं काही नव्हतंच. मिताक्षरा या जुन्या हिंदू वारसा पद्धतीत वडिलोपार्जित रानात जन्मानं हक्क यायचा तो मुलाला. मुलीला लग्न होईपर्यंत पोट आणि लग्नाचा खर्च. संस्थानी काळात शाहू महाराजांनी 1917 साली विधवा पुनर्विवाहाचा आणि 1919 साली स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा केला. त्या मानानं ही फार मोठी पावलं. तरी शेतकऱ्याच्या घरातल्या लेकीचा रानातला वाटा बाकीच राहिला.

1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. तेव्हा दिल्लीत हिंदूंचे वारसा-विवाहाचे नियम बदलू पाहणाऱ्या हिंदू कोड बिलावरून रणकंदन चाललं होतं. ज्या आंबेडकरांनी 1920 साली शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगाव परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं होतं, त्यांनी हे बिल रखडल्यावर सप्टेंबर 1951 मध्ये कायदेमंत्रिपद सोडलं. पुढं त्या बिलाचे तुकडे करून कायदे झाले. त्यातला हिंदू उत्तराधिकार कायदा 17 जून 1956 पासून लागू झाला.

त्यानं लेकीला वारस केलं, पण हात राखून. समजा, वडिलोपार्जित 40 गुंठे रान आहे, आई आधीच वारलेली, मागं एक मुलगा आणि एक मुलगी. वडील गेले की आधी बापलेकांत कागदावरची वाटणी धरायची, 20-20 गुंठे. मग बापाचे 20 दोघा भावंडांत. म्हणजे मुलाला 30, मुलीला 10. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मात्र दोघांचा वाटा सारखा. या 10 गुंठ्यांमुळंच बहिणीच्या सहीला किंमत आली. वारसाला नाव लावताना थोरल्या भावाच्या नावापुढं ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि बहिणींची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात. जुने सातबारे काढून बघा, हा रकाना आत्या-मावश्यांनी भरलेला सापडेल. कित्येकींना आपलं नाव तिथं आहे हेच ठाऊक नसतं.

महाराष्ट्रानं 22 जून 1994 पासून मुलीला जन्मानंच हिस्सेदार केलं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे त्याच मे महिन्यात बोहल्यावर चढलेली थोरली कोरडी, आणि वर्षभरानं लग्न झालेली धाकटी हिस्सेदार. एकाच आईच्या पोटच्या पोरींत मुहूर्तावरून असा भेद का, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची अट उडवली. तरी त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत का, यावर कोर्टकचेऱ्या चालू राहिल्या. हयात हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये म्हटलं. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते फिरवलं आणि हक्क जन्मानं येतो, वडील हयात असण्याची गरज नाही, असं ठरवलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मात्र उकरता येत नाहीत. वरचंच उदाहरण आज घेतलं तर हिशेब 20-20.

म्हणून गेल्या काही वर्षांत सहीची घाई वाढलेली दिसते. रान विकायचं असो, वाटणी पक्की करायची असो, बहिणीवाचून कागद पुढं सरकत नाही.

हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. स्टँपवर नोटरी करून घेतलेल्या कागदानं जमिनीतला हिस्सा सुटत नाही. वडील जिवंत असताना त्यांच्या स्वकष्टाच्या मिळकतीवरचा ‘पुढं मिळणारा’ हक्क सोडल्याचं लिहून घेतात, त्यालाही कायद्यात अर्थ नाही, कारण तो हक्क अजून जन्मलेलाच नसतो. उलट रीतसर नोंदणी झाली की मागं फिरणं अवघड. फसवणूक झाली असेल तर दिवाणी न्यायालयात दाद मागावी लागते आणि मुदत साधारण, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं.

"हिस्सा मागितला की माहेर तुटतं," हे ऐकत वाढलेल्या बाईला वकिलाची फीही परवडत नसते. पण 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, साधा अर्ज करावा लागतो. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठही कोल्हापुरात बसतं, तेव्हा अपिलासाठी मुंबईच्या खेपा नाहीत.

निबंधकासमोर उभं राहिल्यावर साहेब विचारतात, "दस्तातला मजकूर मान्य आहे ना?" तोवर मजकूर कुणी वाचून दाखवला नसेल, तर ‘आधी वाचून दाखवा’ असं म्हणायला तिथं काही मनाई नाही.