कामांची यादी
कामांची यादी : करायची कामे डोक्यात न ठेवता लिहून काढणे, त्यांतून त्या दिवसापुरती निवडणे आणि झालेल्या कामांवर काट मारणे, अशी वेळेच्या वैयक्तिक नियोजनाची पद्धत. बोलण्यात तिला सर्रास ‘टू-डू लिस्ट’ म्हणतात. वाणसामानाची किंवा लग्नकार्याची यादी मराठी घरांत पूर्वापार होत आली आहे. सामान आले, कार्य पार पडले की ती यादी संपते. रोजच्या कामांची यादी मात्र कधीच संपत नाही, म्हणूनच ती चालवायला शिकावे लागते.

अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६–९०) यांनी आत्मचरित्रात आपल्या दिवसाचा तासवार आराखडा दिला आहे. आज कोणते चांगले काम करायचे हा त्यांचा सकाळचा प्रश्न, आणि आज कोणते केले हा संध्याकाळचा. अंगी बाणवायला घेतलेल्या तेरा गुणांपैकी व्यवस्थितपणाने आपल्याला सर्वांत जास्त छळले, असे तेच लिहितात.

यादीने मन हलके का होते, याचा शोध १९२७ मधील एका प्रयोगापासून सुरू होतो. बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्याकडे शिकणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांना असे दिसले, की मध्येच तोडलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा लोकांच्या जास्त लक्षात राहतात. पुढच्या सर्वच प्रयोगांत हा फरक आढळला नाही, त्यामुळे तो नियम म्हणून सांगणे बरोबर नाही. त्याच गटातील मारिया ओव्ह्स्यान्किना यांनी १९२८ मध्ये नोंदवलेली दुसरी गोष्ट जास्त भक्कम ठरली : अर्धवट राहिलेले काम माणूस कोणी न सांगताही पुन्हा हाती घेऊ पाहतो. २०११ मध्ये मासिकांपो आणि बाउमाइस्टर या संशोधकांनी दाखवले, की अपुऱ्या कामाची टोचणी थांबायला ते काम पूर्णच व्हावे लागते असे नाही. ते कधी आणि कसे करायचे हे नेमके ठरले, तरी मन दुसऱ्या कामात लागते. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये ५७ तरुणांवर झालेला प्रयोगही याला जुळणारा आहे. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर.

हा तपशीलच नवशिक्यांच्या यादीत नसतो. ‘आईच्या डोळ्यांचं बघणे’ ही नोंद आठवडेच्या आठवडे तशीच राहते, कारण ते एक काम नाही, कामांची मालिका आहे. ‘दवाखान्यात फोन करून मंगळवारची वेळ घेणे’ असे लिहिले की हात फोनकडे जातो. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात मांडलेला ‘जर–तर’ संकल्पही हेच सांगतो : दुपारचे जेवण झाले, की वीजबिल भरायचे. काम एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला बांधले, की ते होण्याची शक्यता वाढते.

दुसरी अडचण अंदाजाची. आपले काम किती वेळात होईल हे सांगताना माणूस मागचा अनुभव बाजूला ठेवतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीकडे लक्ष वेधले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. म्हणून दिवसाच्या यादीत मोजकीच कामे घ्यावीत आणि प्रत्येकापुढे लागणारा वेळ लिहावा. बाकीची कामे वेगळ्या, मोठ्या यादीत राहू द्यावीत आणि आठवड्यातून एकदा ती वाचावी. चार-पाच वेळा पुढे ढकललेल्या कामाचे तुकडे करावेत, नाहीतर ते सरळ खोडावे. खोडणे हे या पद्धतीतले सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी कौशल्य आहे. वही वापरली की मोबाइल, याने फारसा फरक पडत नाही. यादी एकाच ठिकाणी असणे महत्त्वाचे.

यादीने कामाचा भार कमी होत नाही, हेही स्पष्टपणे सांगायला हवे. घरातल्या अनेक याद्या तर कुठेच लिहिलेल्या नसतात. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतील ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून घरकामाचा हा न दिसणारा भाग तपासला. गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि काम झाले का यावर लक्ष ठेवणे, असे त्याचे चार भाग त्यांनी केले. त्यांपैकी निर्णय बहुधा दोघे मिळून घेत; गरज ओळखणे आणि लक्ष ठेवणे मात्र जास्त करून बायकांकडे होते. अशा घरात नवऱ्याने यादीतली निम्मी कामे उचलली, तरी गॅस कधी संपेल आणि मुलाची लस कधी आहे हे लक्षात ठेवण्याचे काम बायकोकडेच राहते. ते वाटायचे तर काही विषयांची पूर्ण जबाबदारी, आठवण ठेवण्यासकट, दुसऱ्याकडे द्यावी लागते.