डिझेल ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल : निवड आणि वापर

डिझेल ट्रॅक्टरच्या इंजिनातील क्रँक, बेअरिंग, पिस्टन, लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी), व्हॉल्व्ह इत्यादी भागांना वंगण पुरवणाऱ्या तेलाला इंजिन ऑइल म्हणतात. घर्षण कमी करण्याबरोबरच पिस्टनची उष्णता वाहून नेणे, ज्वलनातून आलेली काजळी अंगात धरून ठेवणे, आम्ल मारणे आणि रिंग व लायनरमधली फट बुजवणे ही कामेही हे तेल करते. डब्यावर त्याची ओळख दोन खुणांनी होते. एसएई (अमेरिकेतील अभियंत्यांची संघटना) श्रेणी तेलाचा दाटपणा सांगते, तर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जा त्याची कुवत. गावात दुकानावर चर्चा होते ती बहुधा दाटपणाची. इंजिनाचे आयुष्य मात्र दर्जावर आणि तेल वेळेवर बदलण्यावर जास्त अवलंबून असते.

ट्रॅक्टरच्या तेलावर पडणारा ताण मोटारीच्या तेलापेक्षा वेगळा असतो. मोटार पूर्ण ताकदीवर फार थोडा वेळ चालते. रोटाव्हेटर किंवा पल्टी नांगर जोडलेला ट्रॅक्टर मात्र चार-पाच तास जवळजवळ पूर्ण भारावर ओढत राहतो. मळणीयंत्रावर तो एका जागी उभा राहून भुश्श्याच्या धुरळ्यात चालतो. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून तो रात्रंदिवस रस्त्यावर असतो. विदर्भात उन्हाळी नांगरट होते तेव्हा हवेचे तापमानच ४५ अंशांच्या घरात असते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते, तीत ४३ अंशांच्या आसपासच्या हवेत इंजिन चालवून पाहण्याचा टप्पा याचसाठी असतो. त्या चाचणीच्या अहवालात तेलाचे तापमान, इंजिन किती तेल खाते, इंजिनात किती लिटर बसते आणि कंपनीने कोणती श्रेणी सांगितली आहे, हे सगळे नोंदलेले असते. जुना ट्रॅक्टर घेताना पुस्तिका मिळाली नसेल तर त्या मॉडेलचा हा अहवाल शोधणे सर्वांत खात्रीचे.

श्रेणी. महाराष्ट्रात आज सर्वाधिक चालणारी श्रेणी १५डब्ल्यू-४० आहे. जुन्या मॉडेलांच्या पुस्तिकांत २०डब्ल्यू-४० किंवा नुसते एसएई ३० वा ४० असेही आढळते. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला दाटपणा सांगतो. ४० म्हणजे १०० अंश तापमानाला तेलाची विष्यंदिता (दाटपणाचे माप) १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक. डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतले वागणे सांगतो. १५डब्ल्यू तेल उणे २० अंशांना इंजिन फिरू देईल इतके पातळ राहते, २०डब्ल्यू तेल उणे १५ अंशांना. निफाडला कडाक्याच्या थंडीत पारा ५ अंशांच्या आसपास किंवा थोडा खाली जातो, म्हणजे इंजिन चालू होण्यापुरता हा आकडा आपल्याकडे अडचणीचा नाही. तरीही पुस्तिकेत दोन्ही चालतात असे लिहिले असेल तर १५डब्ल्यू-४० घ्यावे. पहाटे स्टार्टर मारल्यावर रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारे वरचे भाग) आणि टर्बोपर्यंत ते लवकर पोहोचते, आणि इंजिनाची सर्वाधिक झीज त्या पहिल्या काही क्षणांतच होते.

दोन बोटांत तेल चोळून ‘हे दाट आहे, म्हणजे चांगले’ असे ठरवण्याची रीत अजून जोरात आहे. तिला काही आधार नाही. बोटांना कळतो तो ३०-३५ अंशांचा दाटपणा. बेअरिंगमध्ये तेल १०० अंशांच्या आसपास असते आणि तिथे त्याचे काय होईल हे चोळून समजत नाही. इंजिन तेल खाऊ लागले की मिस्त्री कधी कधी २०डब्ल्यू-५० टाकायला सांगतात. त्याने धूर काही दिवस कमी होतो, पण झिजलेला लायनर आणि अडकलेल्या रिंगा तशाच राहतात. हाफ इंजिनचे (लायनर, पिस्टन, रिंगा बदलण्याचे) काम पुढे ढकलले जाते आणि मधल्या काळात डिझेल जास्त जळते, हे शेतकऱ्याच्या हिशेबात येत नाही.

दर्जा. डिझेल इंजिनासाठीचे एपीआय दर्जे ‘सी’ने सुरू होतात. सीएफ-४ हा १९९० चा, सीजी-४ हा १९९५ चा, सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा, सीजे-४ हा २००६ चा आणि सीके-४ हा २०१६ चा. पहिले काही आता अमेरिकेत कालबाह्य ठरले आहेत, पण आपल्याकडील दुकानांत सीएफ-४ चे डबे अजून दिसतात. नवा दर्जा सहसा जुन्याची जागा घेऊ शकतो. सीएफ-४ सांगितलेल्या ट्रॅक्टरमध्ये सीएच-४ किंवा सीआय-४ टाकले तर इंजिनाचे भलेच होते. लिटरमागे पडणारा फरक नव्या लायनर-पिस्टन संचाच्या खर्चापुढे नगण्य असतो. याला अपवाद एफए-४ चा. ते मुद्दाम पातळ केलेले तेल असून त्यासाठी बनलेल्या इंजिनांखेरीज कुठेही टाकू नये.

भारतात १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धूरनियम लागू झाले आणि ‘डिझेलचे कोणतेही चांगले तेल चालते’ हा समज तिथे मोडीत निघाला. या इंजिनांत कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणारी रचना) आणि ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी रचना) आले, काहींच्या धुराड्यात डीपीएफ हा काजळी पकडणारा फिल्टर आला. डीपीएफमध्ये साचलेली काजळी तापवून जाळता येते. तेलात मिसळलेल्या धातुयुक्त पूरकांची (गुण वाढवणाऱ्या रसायनांची) राख मात्र जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते. म्हणून अशा इंजिनाला राखेवर मर्यादा असलेले सीजे-४ किंवा सीके-४ लागते. सीजे-४ मध्ये ही मर्यादा १ टक्का आहे. घरात जुना ३५ अश्वशक्तीचा आणि नवा ५५ अश्वशक्तीचा असे दोन ट्रॅक्टर असतील आणि एकच तेल ठेवायचे असेल, तर ते नव्याच्या पुस्तिकेप्रमाणे घ्यावे. उलट केले तर महागडा फिल्टर जातो.

आम्लाशी लढण्याची तेलाची ताकद टीबीएन या आकड्याने मोजतात. डिझेलमधल्या गंधकापासून आम्ल बनते, म्हणून पूर्वी हा आकडा मोठा लागे. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दशलक्षात १० भागांपर्यंतच असते. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ते ५० भागांपर्यंत असे. त्यामुळे नुसत्या मोठ्या टीबीएनसाठी जादा पैसे मोजायची गरज राहिलेली नाही. पूर्ण सिंथेटिक तेलाचेही तसेच. साध्या इंजिनात धूळ आणि काजळीमुळे तेल ठरल्या तासांना काढावेच लागते, त्यामुळे जास्त काळ टिकण्याचा त्याचा मुख्य फायदा हाती येत नाही.

बदल. नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल बहुधा ५० तासांना आणि पुढे दर २५० तासांना बदलायला सांगितलेले असते. काही नव्या मॉडेलांत हा काळ ४०० ते ५०० तासांचा आहे. ताशी ५० किलोमीटरचा हिशेब धरला तर २५० तास म्हणजे मोटारीचे साडेबारा हजार किलोमीटर. जुन्या ट्रॅक्टरांवरचा यांत्रिक तासमीटर इंजिनाच्या फेऱ्यांवरून तास मोजतो. ट्रॅक्टर नुसता गुरगुरत उभा राहिला तर तो घड्याळापेक्षा मागे पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी अर्धवट जळालेले डिझेल तेलात उतरत असते. म्हणून कारखान्याच्या गेटबाहेर रांगेत तास-तास चालू ठेवलेल्या ट्रॅक्टरचे तेल मीटर सांगेल त्याच्या थोडे आधीच बदलावे. वर्षाला २५० तास भरतच नसतील तरी वर्षातून एकदा बदल हवाच, कारण उभ्या इंजिनात ओल आणि आम्ल आपले काम करत राहतात.

तेल काळे पडले म्हणजे संपले असे नाही. डिझेल इंजिनात नवे तेल काही तासांतच काळे होते, आणि ते काजळी धरून ठेवत असल्याचे लक्षण आहे. पंधरवडाभर चालूनही ज्याचा रंग जसाच्या तसा राहतो, त्या तेलाबद्दल उलट शंका घ्यावी. रोज सकाळी इंजिन चालू करण्यापूर्वी, सपाट जागी, डिपस्टिक पुसून पुन्हा घालून पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये हवी. पातळी न टाकता वाढली असेल तर फीड पंपातून किंवा इंजेक्टरमधून डिझेल उतरत असते. तेल दुधाळ दिसले तर पाणी मिसळलेले असते. दोन्ही वेळी ट्रॅक्टर जागीच थांबवावा. तेल कमी पडले आणि तेच मिळाले नाही, तर त्याच दर्जाचे दुसऱ्या कंपनीचे टाकून चालते. एपीआय दर्जाची तेले एकमेकांत मिसळण्याजोगी असतात. कमी तेलावर नांगरट उरकणे हाच त्यातला वाईट पर्याय.

तेल बदलताना इंजिन गरम असावे, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघून जातो. फिल्टर प्रत्येक वेळी नवा बसवावा. एअर क्लीनरकडे दुर्लक्ष झाले तर मात्र सर्वोत्तम तेलही वाया जाते. ऑइल बाथ क्लीनरच्या (हवेतली धूळ तेलात पकडणाऱ्या एअर क्लीनरच्या) वाटीत खाली चिखल साचलेला असेल, तर ती बारीक वाळू लायनरकडे निघालेली असते. रोटाव्हेटरच्या हंगामात ही वाटी रोज उघडून पाहावी आणि तीत स्वच्छ इंजिन ऑइल खुणेपर्यंत भरावे. इंजिनातून काढलेले जळके तेल भरण्याची काटकसर इथे महागात पडते.

गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि ऑइल ब्रेकसाठीचे यूटीटीओ तेलही दुकानात ‘ट्रॅक्टर ऑइल’ म्हणूनच मिळते. ते इंजिनात टाकू नये. काजळी आणि आम्ल सांभाळणारी पूरके त्यात नसतात. एसटीओयू हे दोन्हीकडे चालणारे तेल वेगळे, पण पुस्तिकेची परवानगी असल्याशिवाय तेही नको. सुटे तेल किंवा सील सैल असलेला डबा घेऊ नये, आणि रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला भोक पाडावे, म्हणजे त्यात पुन्हा तेल भरून विकता येत नाही.

काढलेले जळके तेल कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासणे किंवा बांधावर ओतणे ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. ते तेल विहिरीच्या पाण्यात उतरते आणि कातडीला वारंवार लागल्यास अपायकारक असते. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल अशा गॅरेजला द्यावे. कॅनमध्ये पाणी किंवा डिझेल मिसळू देऊ नये, कारण मग ते शुद्ध करणे अवघड जाते.