हॉस्टेलला नंबर नाही लागला? मग स्वाधारचा फॉर्म भरा

घरातून पहिल्यांदाच कोणीतरी कॉलेजला शहरात चाललंय, फी कशीबशी भरली, पण राहायचं कुठं आणि जेवायचं काय, इथंच गाडी अडते. सरकारी हॉस्टेलची लिस्ट लागली, त्यात नाव नाही म्हणून सरळ गावाकडे परत जाणारी पोरं दरवर्षी दिसतात, आणि त्यातल्या कितीतरी जणांना माहीतच नसतं की अशाच मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. 2016-17 पासून चालू आहे ती.

ही योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी, अकरावी-बारावी आणि त्यापुढचं शिक्षण घेणाऱ्यांसाठी. महाराष्ट्राचे रहिवासी पाहिजेत, आईवडिलांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखाच्या आत पाहिजे, आधीच्या परीक्षेत किमान 50 टक्के (दिव्यांगांना 40). आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॉलेज ज्या शहरात आहे तिथले तुम्ही स्थानिक नसावं. पुण्यात घर असलेल्याला पुण्यातल्या कॉलेजसाठी मिळत नाही, सरळ आहे.

पैसे किती? मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर इथं वर्षाला 60 हजार, म्हणजे जेवणाचे 32, राहण्याचे 20 आणि बाकी खर्चाचे 8 हजार. इतर महापालिका असलेल्या शहरांत 51 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार. मेडिकल-इंजिनिअरिंगवाल्यांना साहित्यासाठी वर 5 हजार, बाकीच्यांना 2 हजार. महाडीबीटीवरची (सरकारी शिष्यवृत्त्यांचं पोर्टल) भारत सरकार शिष्यवृत्ती वेगळी, तिचा फॉर्म भरायचाच, फक्त तिच्यातला निर्वाह भत्ता मिळाला तर तेवढी रक्कम स्वाधारमधून वजा होते.

आता फॉर्म. समाजकल्याणच्या हॉस्टेल पोर्टलवर आधी हॉस्टेलसाठी अर्ज करायचा, कारण स्वाधार ही हॉस्टेल न मिळालेल्यांसाठीच आहे. "नंबर लागणारच नाही, कशाला भरू" असं म्हणून हॉस्टेलचा अर्ज सोडू नका.

कागदांत जातीचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, मार्कशीट, टीसी, कॉलेजचं बोनाफाईड, बँक पासबुक हे बहुतेकांकडे असतं किंवा पटकन मिळतं. लटकतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. आईवडील शेतमजूर किंवा वीटभट्टीवर असतील तर पगाराचा कागद कुठून आणणार, त्यामुळे आधी तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला काढायचा, मग रेशनकार्ड आणि आधार जोडून सेतूत किंवा आपले सरकार पोर्टलवर तहसीलदारांच्या दाखल्यासाठी अर्ज. एक वर्षाचा दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो, म्हणून मागच्या वर्षीचा शाळेसाठी काढलेला तोच लावून टाकू नका. बारावीचा निकाल लागायची वाट न बघता एप्रिल-मे मध्येच नवीन काढून ठेवा, जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

त्यानंतर प्रतिज्ञापत्रं, म्हणजे मी इथला स्थानिक नाही आणि कुठल्या सरकारी हॉस्टेलला राहत नाही. सोबत भाडेकरार किंवा खोलीचा पुरावा आणि मेसचं बिल. इथं खूप पोरं अडकतात कारण कॉटबेसिसवर (खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन) राहणाऱ्यांना घरमालक लिहून द्यायला तयार नसतो, म्हणून खोली घेतानाच, डिपॉझिट हातात द्यायच्या आधी, करारनामा देणार का हे विचारून घ्या. टीसीवर ज्ञानोबा आणि आधारवर ज्ञानेश्वर असं असेल तर ते आधी दुरुस्त करा. बँक खातं स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं पाहिजे, वडिलांचं चालत नाही.

पैसे बहुतेकदा उशिरा येतात हे मनाशी धरूनच चला, पहिले काही महिने घरून किंवा पार्टटाइम काम करून भागवावे लागतात. आणि हजेरी 75 टक्के लागते. काम करताना लेक्चर बुडाले आणि हजेरी कमी पडली तर पुढचा हप्ता अडकतो, त्यामुळे काम बघताना संध्याकाळचंच बघा.

ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, खाती वेगळी पण कागदं जवळपास हीच. अर्ज कुठं अडकला तर जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या ऑफिसात अर्जाची प्रिंट घेऊन जा आणि त्रुटी काय आहे ते लेखी मागा.