घरचा कॉम्प्युटर ‘हँग’ का व्हायचा?

२००४ च्या पावसाळ्यात विश्रामबागेतले एक गृहस्थ घरचं मशीन रिक्षात घालून माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन आले. सोबत आठवीतला मुलगा, मान खाली. “हा दिवसभर गेम खेळतो, म्हणून हँग होतंय. फॉरमॅट मारून द्या,” एवढंच म्हणाले. हँग म्हणजे मशीन थिजणं, फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्यानं घालणं. सांगलीत तेव्हा कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांना हँग हा एकच शब्द होता आणि फॉरमॅट हा एकच उपाय. दोषही ठरलेला. घरी पोराचा, अडत दुकानात दिवाणजीचा. खरं तर त्यातली कित्येक दुखणी त्या पोराच्या जन्माआधीची होती.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्यातला इंटेल ८०८८ प्रोसेसर फक्त १ एमबी, म्हणजे १,०२४ केबी मेमरीपर्यंत पोचायचा. त्यातली वरची ३८४ केबी स्क्रीन आणि बायोससाठी (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) राखून ठेवली, प्रोग्रामच्या वाट्याला ६४० केबी आली. पहिला पीसी १६ केबीवरही विकला जात होता, त्यामुळे तेव्हा ही जागा ऐसपैस वाटली. पुढे ३८६ प्रोसेसर ४ जीबीपर्यंत पोचला, तरी डॉसचे (विंडोजच्या आधीची, हुकूम टाईप करून चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) बहुतेक प्रोग्राम त्या ६४० केबीच्या खोलीतच राहिले. मशीनमध्ये ४ एमबी रॅम, म्हणजे मेमरी, असायची आणि स्क्रीनवर ‘आउट ऑफ मेमरी’. गिऱ्हाईकाला वाटायचं, विकणाऱ्यानं फसवलं. १९९१ च्या डॉस ५ मध्ये डॉसचाच काही भाग ६४० केबीच्या वर सरकवायची सोय आली. मग कॉन्फिग फाईलमध्ये हायमेम आणि ईएमएम३८६ या वरची मेमरी खुली करणाऱ्या प्रोग्रामच्या ओळी घालून एकेक केबी सोडवायची.

विंडोजनं ही भिंत पाडली, पण आत आणखी एक चिंचोळी जागा ठेवली, आणि घरच्या मशीनना सगळ्यात जास्त तिनंच छळलं. विंडोज ३.१ मध्ये उघडलेल्या खिडक्या, बटणं, फॉन्ट यांच्या नोंदी ६४ केबीच्या छोट्या कप्प्यांत व्हायच्या. १६ बिटांचा पत्ता, म्हणजे मेमरीतल्या जागेचा क्रमांक, ६५,५३६ च्या पुढे मोजतच नाही, म्हणून ६४ केबी. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये थोडं सामान बाहेर हलवलं, पण जुने प्रोग्राम चालावेत म्हणून कप्पे तसेच राहिले. लग्नसराईत पत्रिका करणारा डीटीपीवाला पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि श्री-लिपी एकदम उघडून बसला की कप्पा भरायचा. मेनूतली अक्षरं गायब व्हायची, आयकॉन काळे पडायचे, मग माऊसच थांबायचा. रॅम दुप्पट केली तरी फरक शून्य, कारण रॅम वाढली म्हणून कप्पा वाढत नव्हता. हे समजावून सांगताना मला नेहमी अवघड जायचं. माणसानं पैसे मोजलेले असायचे.

उलट ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम घातली, तर विंडोज ९८ ‘मेमरी अपुरी आहे’ म्हणून अडून बसू शकायचं. फाईलींसाठीचा कॅशे (वाचलेल्या फाईली हाताशी ठेवायची जागा) रॅमच्या मापानं पत्त्यांची एवढी जागा अडवायचा, की इतर कामांना ती उरत नसे. विंडोजच्या सिस्टिम डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाईलमध्ये कॅशेची मर्यादा लिहिली की मशीन सुरळीत.

विंडोज ३.१ च्या काळातला एखादा जुना १६ बिटी प्रोग्राम अडकला तर विंडोज ९५ मध्ये सगळेच प्रोग्राम त्याच्यामागे रांगेत थांबायचे. ऑक्टोबर २००१ च्या एक्सपीनं हा सारा वारसा मोडला. पण १२८ एमबीच्या असेंबल्ड मशीनवर एक्सपी घातलं, त्यातली काही रॅम ऑनबोर्ड ग्राफिक्सनं घेतली आणि वर अँटिव्हायरस बसवला, की रॅम अपुरी पडून काम डिस्कवर ढकललं जायचं आणि हार्ड डिस्कचा लाल दिवा विझायचा नाही. तो हँग नव्हे, दम लागलेला असायचा.

रॅम स्वतःही दगा द्यायची. आयबीएमच्या पीसीत दर ८ बिटांमागे तपासणीचा एक ९ वा बिट असे. चूक सापडली की मशीन ‘पॅरिटी चेक’ सांगून थांबायचं. १९९० च्या दशकात स्वस्ताईसाठी घरच्या मशीनमधून तो बिट गेला आणि चूक झाल्याची बातमी देणारं कुणी उरलं नाही. मार्केट यार्डातल्या एका मशीनचा पंखा हळदीच्या पुडीनं पिवळाधमक झाला होता. स्लॉटमध्येही तीच पूड. चालू केलं की लांब लांब बीप. रॅम काढली, खोडरबरनं तिचे सोनेरी दात हलकेच घासले, ब्रशनं स्लॉट झाडला. बीप बंद.

विश्रामबागेतलं मशीन मात्र फॉरमॅट मारूनही तासाभरात थिजलं. मेमरी तपासली, ती निर्दोष. मग दिवा मदरबोर्डवर धरला. प्रोसेसरशेजारचे तीन कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेले, एकातून तपकिरी रस बाहेर आलेला. त्या वर्षांत जगभर असे सदोष कॅपॅसिटर कितीतरी मदरबोर्डवर बसले होते. प्रोसेसरला स्थिर वीज देणं त्यांचं काम, आणि गेम सुरू झाला की विजेची ओढ वाढते. गृहस्थांना बोलावून ते तिन्ही दाखवले. ते बराच वेळ वाकून बघत राहिले, मग मुलाला म्हणाले, “ये, तूही बघ.”